कुत्र्याच्या खाजेवर ओट्सची अंघोळ: कोल्हापूरच्या हवेत कितपत चालते?

निकाल आधीच सांगून टाकतो. कोरड्या खाजेला ओट्सच्या अंघोळीला 5 पैकी 4 गुण. ओलसर, वास मारणाऱ्या खाजेला 1. गोचीड-पिसवांमुळे खाजवत असेल तर 0, आणि तो 0 सुद्धा उदारपणे. एकाच उपायाला तीन वेगळे गुण पडतात, कारण खाज हा रोग नसून त्याची तक्रार आहे. घरगुती अंघोळीवर पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा इथेच: उपाय बरा असतो, पण तो भलत्याच खाजेवर वापरलेला असतो.

म्हणून डबा उघडण्याआधी कुत्र्याच्या अंगावरून केसांच्या उलट दिशेनं हात फिरवा आणि काखेचा, पंजाचा, कानाचा वास घ्या. कातडी कोरडी, पांढरा कोंडा, वास नाही, कुठे जखम नाही: ही ओट्सची खाज. हिवाळ्यात, किंवा माणसाच्या साबणाच्या वडीनं घासून घासून अंघोळ घातलेल्या कुत्र्यांत ही हमखास दिसते. कुत्र्याची कातडी पीएचच्या, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या, हिशोबानं उदासीनच्या, म्हणजे 7 च्या आसपास असते आणि वडीच्या साबणाचा पीएच 9 ते 10. त्वचेवरचा तेलाचा पातळ थर धुऊन गेला की कुत्रं खाजवायला लागतं, मालक म्हणतो मळ असेल, आणि परत साबण लावतो.

हात तेलकट लागला, आंबूस-खवट वास आला, काखा-जांघा काळपट आणि जाड झाल्या असतील, पंजे चाटून चाटून तांबूस झाले असतील, तर ते यीस्ट, म्हणजे कातडीवर वाढणारी बुरशी. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर दोरीवरचा पंचा दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथं लॅब्राडोर नाहीतर जर्मन शेफर्डचा दुहेरी कोट, वर जाड केस आणि खाली दाट मऊ लव, कुठला वाळतो? पावसाळ्यातल्या खाजेत यीस्टचा संशय आधी घ्यावा. त्यावर ओट्स म्हणजे भिजलेल्या भिंतीवर चुना.

शेपटीच्या बुंध्याशी आणि पाठीच्या मागच्या भागात खाज असेल तर पिसवा शोधा. विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कडेनं तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही पसरला तर साधी माती. ही परीक्षा फुकट आहे आणि महागड्या शांपूच्या आधी करण्यासारखी आहे.

आता मुख्य माल. साधे, बिनचवीचे ओट्स घ्यायचे. लक्ष्मीपुरीतलं दुकान असो की कोपऱ्यावरचं, पाकिटावर फक्त ओट्स लिहिलेलं हवं. मसाला ओट्स अजिबात नको, त्यात कांदा-लसणाची पूड असते. कुत्रं अंघोळीत अंग चाटणारच, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. (तांबड्या रश्श्यात कालवलेली भाकरी ज्यांच्या कुत्र्याला रोज मिळते त्यांनीही हे वाक्य परत वाचावं.)

25 ते 30 किलोच्या कुत्र्याला साधारण 100 ग्रॅम पुरतात, पामेरियनसारख्या लहानाला 30 ते 40. मिक्सरमध्ये थांबून थांबून मैद्याइतकं बारीक वाटायचं आणि मैद्याच्या चाळणीनं चाळायचं. भांडं मात्र चटणीचं नको. कोल्हापुरी घरातल्या मिक्सरच्या भांड्याच्या रबरात कांदा-लसूण मसाला किती दिवस राहतो हे सांगायला नको, आणि खाजवून सोललेल्या पोटावर तिखट लागलं तर कुत्रं पुढच्या अंघोळीला हाताला लागणार नाही. पीठ झालं की एक चमचा ग्लासभर कोमट पाण्यात ढवळा. पाणी दुधासारखं होऊन तसंच राहिलं तर जमलं. लगेच तळाशी गाळ बसला तर परत वाटा. जाड पीठ कातडीवर थर धरत नाही, नुसतं केसांत अडकतं आणि नंतर मोरी तुंबवतं.

बारीक पिठाचा आग्रह का? ओट्समधलं बीटा ग्लुकन पाणी धरून ठेवणारा थर बनवतं आणि ॲव्हेनॅन्थ्रामाइड नावाचे घटक दाह कमी करतात. दोन्ही पाण्यात नीट मिसळले तरच कातडीपर्यंत पोचतात. असं बारीक दळलेलं ओट्सचं पीठ अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2003 मध्ये माणसांच्या त्वचेचं रक्षक म्हणून मान्य केलं, म्हणजे हा नुसता आजीच्या बटव्यातला प्रकार नव्हे. आपल्या आजीच्या बटव्यात ओट्स नव्हतेच म्हणा.

आपल्याकडे कुत्र्यासाठी बाथटब नसतो, बादली-तांब्या असतो. म्हणून परदेशी पद्धत जशीच्या तशी चालत नाही. बादलीतलं पाणी अंगावरून ओघळून दोन मिनिटांत मोरीत जातं आणि सगळी मेहनत त्याच्यामागून. त्यावर तोड: कुत्र्याला कपडे धुण्याच्या रुंद टबात किंवा मोठ्या प्लॅस्टिकच्या घमेल्यात उभं करा. पीठ आधी तांब्याभर पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मग 8 ते 10 लिटर कोमट पाण्यात मिसळा. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम ना गार. गरम पाण्यानं कातडीचा रक्तपुरवठा वाढतो आणि खाज भडकते. बंबातलं पाणी सरळ ओतून «ओट्स लागू पडले नाहीत» म्हणणारे बरेच असतात.

अंघोळीआधी केस विंचरायचे. जटा असतील तर सोडवा किंवा कापा, कारण जटेखाली पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही. मग कुत्र्यांचा सौम्य शांपू लावून मळ काढा आणि पूर्ण धुवा. ओट्स मळ काढत नाहीत, आणि मळावर थर दिला तर तो मळालाच. यानंतर ओट्सचं पाणी खांद्यापासून मागे, पोटाखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या मध्ये ओता. टबात साठलेलंच परत परत घ्या. पोटाला पाणी टिकत नाही, तिथं जुनं मऊ सुती कापड त्याच पाण्यात भिजवून धरा. तोंडावर ओतू नका, फडक्यानं पुसा. हे सगळं 10 मिनिटं, घड्याळ लावून. अंदाजानं धरलेली 10 मिनिटं नेहमी 3 च असतात.

शेवटी धुवायचं का? थंडीत वरवर धुतलं तरी चालतं, थोडा थर राहिलेला बरा. पावसाळ्यात मात्र स्वच्छ धुवाच. केसांत उरलेली पेज दमट हवेत आंबते आणि जी खाज नव्हती ती लागते. मग टॉवेलनं घासायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. कारवानी, मुधोळसारखी आखूड केसांची कुत्री अर्ध्या तासात कोरडी होतात. दाट कोटाला दोन टॉवेल आणि गार हवेवरचा ड्रायर लागतो, तोही केस उलटे करून मुळाशी. ओल्या कोटाखाली एका रात्रीत चिघळलेला, पाणी सुटलेला चट्टा उठू शकतो. पाऊस लागलेल्या दिवशी दाट कोटाच्या कुत्र्याला संध्याकाळी अंघोळ घालूच नये.

आराम साधारण एक-दोन दिवस टिकतो. आठवड्यातून एकदा घालायला हरकत नाही, रोज नको. उरलेलं पीठ साठवू नका. दमटपणात धान्याच्या पिठात डोळ्यांना न दिसणारे किडे होतात आणि ॲलर्जीच्या कुत्र्याला त्यांचीच ॲलर्जी असू शकते. पोरकिडे निदान दिसतात तरी.

यीस्ट असेल तर ओट्सचे पैसे औषधी शांपूत घाला: क्लोरहेक्सिडिन 2 टक्के आणि मायकोनॅझोल 2 टक्के असं मिश्रण लेबलवर शोधा. आठवड्यातून दोनदा, फेस 10 मिनिटं अंगावर ठेवून, तीन-चार आठवडे. ओट्सपेक्षा महाग पडतो, पण ओट्सची दहा पाकिटं संपवल्यावर घेण्यापेक्षा स्वस्त. कान आतून तपकिरी आणि वासाचे असतील तर शांपूनं भागत नाही, डॉक्टरांना दाखवावे लागतात.

बाकीचे घरगुती उपाय भराभर. कडुलिंब: दोन ओंजळी पाला 2 लिटर पाण्यात 15 मिनिटं उकळून, गाळून, गार करून शेवटचं पाणी म्हणून ओता. निरुपद्रवी, सौम्य, 5 पैकी 2. गोचीड त्यानं पडत नाहीत. निंबाचं तेल नुसतं चोळू नका, चाटून ओकाऱ्या होतात. व्हिनेगर: एक भागाला तीन भाग पाणी, फक्त अखंड कातडीच्या पंजांसाठी. ओरखड्यावर लागलं तर कुत्रं किंचाळेल. कोरफड चालते, पण पान कापल्यावर 15 मिनिटं उभं ठेवून पिवळा चीक गाळून टाका, तो पोटात गेला की जुलाब. खायच्या सोड्यानं कातडी आणखी कोरडी पडते. खोबरेल तेल हिवाळ्यात कोपरावरच्या घट्ट्यांना ठीक, पावसाळ्यात अंगभर लावलं तर दमटपणा आत कोंडला जातो.

दह्याचं काय? गंगावेशीला धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात दही-ताकाचा उपाय सुचणारच. थंडावा मिळतो, खरं आहे. पण स्निग्धांश केसांत राहतो, वासावर माशा येतात, आणि खाजवून उघड्या पडलेल्या जखमेवर माशी बसली की आळ्या पडायला वेळ लागत नाही. 5 पैकी 1. दही खायला द्या, तेही दूध सोसत असेल तर.

आणि गुण द्यायच्याही लायकीचे नाहीत असे: गाडीचं जळकं ऑइल, रॉकेल, फिनाईल, कापराचं तेल, टी ट्री ऑइल, पाण्यात टाकलं की पांढरं होणारं घरगुती जंतुनाशक. हे कातडी भाजतात किंवा चाटल्यावर विष ठरतात. जनावरांच्या गोचिडांचं औषध अंदाजानं पातळ करणंही याच रांगेत.

गोचिडांसाठी अंघोळ का कुचकामी, तर कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या. मादी रक्त पिऊन उतरते, भिंतीच्या फटीत किंवा फरशीच्या सांध्यात हजारो अंडी घालते. वजनानुसार डॉक्टरांनी दिलेलं औषध कुत्र्यावर आणि फटींची साफसफाई घरात, दोन्ही एकाच वेळी लागतं. कानाच्या कडा आणि कोपरांवर खपल्या असून घरातल्या माणसांच्या हातांनाही खाज सुटली असेल तर खरूज समजा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कातडी खरवडून तपासणी करून घ्या. माणसाची स्टेरॉइडची ट्यूब लावून जाऊ नका, तपासणीत काही नीट कळत नाही.

शेवटची चूक अंघोळीनंतरची. स्वच्छ, कोरडं कुत्रं परत त्याच ओलसर पोत्यावर झोपतं. गोणपाट टोचतो, पाणी धरतो, त्यात पिसवांच्या अळ्या वाढतात. त्याऐवजी दोन जुन्या सुती चादरी ठेवा. एक अंथरलेली असेल तेव्हा दुसरी गरम पाण्यात धुऊन, ऊन असेल त्या दिवशी गच्चीवर उलटपालट करून वाळवा.