उंच गाडी घेतली खरी: दहा महिने आणि सोळा हजार किलोमीटरनंतर

गाडी घेतली ती आईच्या गुडघ्यांमुळे. आमच्या अकरा वर्षांच्या जुन्या छोट्या गाडीत आई बसायची म्हणजे आधी पाठ करून सीटवर धपकन पडायची आणि उतरताना आम्ही दोघांनी दोन हात धरून ओढायचं. शोरूममध्ये या क्रॉसओव्हरचं, म्हणजे जीपसारख्या दिसणाऱ्या उंच गाडीचं, दार उघडलं, आई खुर्चीवर बसावं तशी सरळ आत बसली आणि 'हीच' म्हणाली. मग मी दहा मिनिटं आमच्या सोलापुरात होटगी रोडवर चालवून बघितली. मी आणि शेजारी विक्रीवाला मुलगा, मार्च महिना, सकाळचे दहा, एसी एकवर. पुढे जे काही लिहितोय त्यातलं निम्मं मला त्या दहा मिनिटांतच कळलं असतं, जर चार माणसं बसवून आणि एसी पूर्ण सोडून एखाद्या चढावर नेली असती तर.

कंपनीचं नाव लिहीत नाही. दहा लाखांच्या आतबाहेरच्या, चार मीटरच्या आतल्या या गाड्यांची कुंडली जवळपास सारखीच आहे. माझी पेट्रोल, १२०० सीसीच्या आतली, तीन सिलिंडरची, आणि गिअर ऑटोमॅटिक, म्हणजे एएमटी. पाडव्याला, ३० मार्च २०२५ ला घरी आणली. माझा टॉवेल-चादरींचा छोटा व्यवसाय आहे, त्यामुळे नमुने आणि गठ्ठे घेऊन पुणे, विजापूर, पंढरपूर, लातूर अशा फेऱ्या होतात. आजवर १६,४०० किलोमीटर झाले.

पैशाचं आधी सांगून मोकळा होतो, कारण तो विषय काढला की अजून पोटात दुखतं. शोरूम किंमत नऊ लाख. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे नव्याण्णव हजार. मग विमा, त्यातला थर्ड पार्टीचा तीन वर्षांचा एकदम. मग सीट कव्हर, मॅट आणि 'पॅकेज' नावाची एक गोष्ट, जिच्यात नेमकं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. साडेदहाच्या पुढे गेली. आणि २२ सप्टेंबरला सरकारने छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के केला, वरचा १ टक्का सेसही गेला. नऊ लाखांच्या गाडीमागे सरळ पाऊण लाखाचा फरक. सहा महिने थांबलो असतो तर. बायको हे वाक्य महिन्यातून एकदा म्हणते, हप्ता कापला जातो त्या दिवशी.

आता गाडी. एएमटी म्हणजे काय हे मला घेताना कुणी नीट सांगितलं नाही. ही पूर्ण ऑटोमॅटिक गाडी नसते. गिअरबॉक्स आपला नेहमीचा, क्लचप्लेट नेहमीची, फक्त पायाऐवजी एक यंत्र क्लच दाबतं आणि हाताऐवजी तेच गिअर टाकतं. त्यामुळे दुसऱ्याचा तिसरा होताना गाडी क्षणभर श्वास रोखते आणि सगळ्यांची डोकी एकदम पुढे डोलतात. आईला वाटलं मीच नीट चालवत नाही. दोन आठवड्यांत सवय होते: गिअर पडायच्या वेळी ॲक्सिलरेटर जरासा सोडायचा, की झटका कमी बसतो. शहरात, सात रस्ता ते नवी पेठ अशा रखडत जायच्या रस्त्यावर, डाव्या पायाला आराम आहे हे कबूल.

पण तुळजापूर. एका मंगळवारी पाच जण निघालो. घाटात पुढे गर्दी, गाड्या मुंगीच्या पावलांनी. मी आपला चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरत होतो, जशी जुनी गाडी अर्ध्या क्लचवर धरायचो. दहा मिनिटांत जळका वास, समोर पडद्यावर क्लच तापल्याची सूचना, आणि गाडी पुढे जायला तयार नाही. मागे बस, बसचा हॉर्न, आणि गाडीत आई देवीचं नाव घेतेय. बाजूला घेऊन अर्धा तास बोनेट उघडून उभे राहिलो. नंतर कळलं की चढावर एएमटी नेहमी ब्रेकवर धरायची आणि पुढच्या गाडीने चांगली जागा सोडली की एकदमच काढायची. क्लचप्लेट झिजण्याचा भाग म्हणून वॉरंटीत बसत नाही, हेही तेव्हाच कळलं. घरी येताना आमच्या जुन्या मिस्त्रींना दाखवली. ते बोनेटमध्ये डोकावून म्हणाले, "मालक, अंग मोठं हाय हिचं, काळीज आपल्या जुन्या गाडीएवढंच हाय की."

बरोबर बोलले. चार माणसं, मागे गठ्ठे, एसी चालू, आणि विजापूर रोडवर पुढे कंटेनर. पाय दाबला की आधी आवाज येतो, मग गिअर खाली येतो, आणि मग कुठे गाडी उठते. या दीड-दोन सेकंदांत समोरून येणारा डिपर मारायला लागतो. मी आता ओव्हरटेकच्या आधीच लिव्हर मॅन्युअलला घेऊन गिअर उतरवून ठेवतो. सिग्नलला उभी असताना तीन सिलिंडरची थरथर स्टिअरिंगमधून हातात येते, आरशातला मागचा माणूस किंचित थरथरतो. मोकळ्या पुणे हायवेवर ऐंशी-नव्वदला गाडी छान चालते. शंभरच्या वर वाऱ्याचा आवाज वाढतो, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की उंच अंगाला धक्का बसतो. जुन्या बुटक्या गाडीत हे कधी जाणवलं नव्हतं.

ॲव्हरेजचं सगळे पहिलं विचारतात म्हणून सांगतो, टाकी फुल ते टाकी फुल मोजलेलं. शहरात १२, उन्हाळ्यात ११. हायवेला ऐंशीच्या वेगाने १७ पर्यंत, एकशे दहाने हाणली तर १४. कागदावर एकोणिसाच्या पुढचा आकडा आहे, पण तो प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ९० च्या वर न जाता काढलेला असतो. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि उंच गाडी हवेला छाती जास्त देते. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणजे ऊस आपल्या जिल्ह्याचा, इथेनॉल आपल्या उसाचं, आणि ॲव्हरेज गेलं तेही आपलंच. गाडी या पेट्रोलसाठीच बनवलेली आहे, इंजिनाला त्रास काही नाही, एवढं खरं.

आता काळ्या रानाची गोष्ट. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला होता, आठवत असेल. मोहोळ तालुक्यात मामांच्या शेतावर गेलो. डांबरी रस्त्यापासून वस्ती जेमतेम दोनशे मीटर, मध्ये पाणंद. जुनी गाडी असती तर रस्त्यालाच लावून चालत गेलो असतो. पण जमिनीपासून १८० मिलिमीटरच्या वर उंची, चारी बाजूंनी काळं दणकट प्लास्टिक, जाहिरातीत डोंगर. घातली आत. पन्नास मीटरवर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरतात आणि टायरचा गुळगुळीत लाडू होतो. मग ती चाकाच्या कमानीत थापली जाते आणि चाकच धरते. उंची असून उपयोग काय, ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. मामांनी ट्रॅक्टर आणला. टोचन लावायचं म्हटलं तर हुक कुठे? हुक डिकीच्या तळाशी, स्टेपनीशेजारी हत्यारांत, आणि डिकीत वरपर्यंत टॉवेलचे गठ्ठे. सगळे गठ्ठे चिखलात मामींनी अंथरलेल्या ताडपत्रीवर उतरवले, हुक काढला, पुढच्या बंपरमधलं झाकण उघडून फिरवून बसवला, तेव्हा गाडी निघाली. मामा तीन वेळा म्हणाले, "जीप हाय म्हणालतास की रं." तेव्हापासून हुक मी ड्रायव्हर सीटखाली ठेवतो. तुम्हीही ठेवा.

त्या दिवशी चाकावरच्या प्लास्टिकच्या कमानीचे तीन क्लिप तुटले. नवी कमान मागवली तर तीन आठवडे. मिस्त्रींनी दुसऱ्याच कुठल्या गाडीचे क्लिप बसवून दिले, चाळीस रुपयांत. अजून टिकून आहेत. ते काळं प्लास्टिक मात्र आपल्या उन्हात पहिल्याच उन्हाळ्यात राखाडी पडायला लागलं.

सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा पुण्याहून एका व्यापाऱ्याचा फोन, "तुमची गाडी उंच आहे ना, निघा की." हायवे लांबोटीजवळ बंद होता, पण नसता तरी निघालो नसतो. इंजिनात पाणी गेलं आणि तशीच चालू केली तर साध्या विम्यात ते बसत नाही, वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. मी ते घेतलेलं नव्हतं. या नूतनीकरणाला घेणार.

सनरूफ. माझ्याकडून एवढी मोठी चूक दुसरी झालेली नाही, आणि ती लेकीच्या हट्टापायी झाली. एप्रिलमध्ये सोलापुरात पारा चाळीसच्या वर, आणि आम्ही जास्तीचे पैसे मोजून छताला भोक पाडून घेतलं. आतलं सरकतं कव्हर पातळ. दुपारी गाडी काढली की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. मागच्या सीटला एसीची जाळी नाही, त्यामुळे पुढच्यांना थंडी वाजेपर्यंत मागचे घामाघूम. उन्हात तासभर उभी केली की समोरचा टचस्क्रीन इतका तापतो की बोट लावलं तर प्रतिसादच देत नाही, पहिली पाच मिनिटं गाणी नाहीत, नकाशा नाही. सनरूफ आजवर मोजून चार वेळा उघडलं, त्यातलं एकदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी नंदीध्वज बघायला लेक उभी राहिली तेव्हा. बाकी वेळ धूळ. या झाकणाच्या चार कोपऱ्यांत पाणी जायला बारीक नळ्या असतात, त्या आपल्या धुळीने बुजतात. सप्टेंबरच्या पावसात पाणी खाली जायला वाट नाही, म्हणून ते छताच्या कापडातून माझ्या डाव्या खांद्यावर. शोरूमने नळ्या साफ करून दिल्या, आणि 'धूळ ही ग्राहकाची' या अर्थाचं काहीतरी बोलून बिल लावलं.

रात्रीचं सांगायचं तर हेडलाइट साध्या हॅलोजनचे, ६०/५५ वॅटचे. शहरात चालून जातं. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की पंढरपूर रोडवर उसाच्या डबल ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर लोंबलेला. त्या उजेडात ट्रॉली दिसते तेव्हा ती फार जवळ असते. जास्त वॅटचे बल्ब बसवायचा मोह होतो, पण वायरिंग तापतं आणि नियमातही बसत नाही. मी वेग साठवर आणला, एवढाच इलाज.

मागची सीट दोघांची. तिसरा बसतो, पण लातूरला पोचेपर्यंत बोलायचा बंद होतो. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करसवलत मिळाली, तेव्हापासून कंपन्या मोठ्या दिसणाऱ्या गाड्या मागून कापून बसवतात. कात्री लागते ती डिकीला. वर डिकीचा कठडा उंच, त्यामुळे गठ्ठा कमरेच्या वर उचलून आत घालावा लागतो. आईचे गुडघे वाचले, माझी कंबर गेली. टायर १६ इंची, बाले नाक्याच्या पुढे खड्ड्यात एकाची बाजू चिरली, जुन्या गाडीच्या दीडपट पैसे गेले. स्टेपनी बारीक आहे, ऐंशीच्या वर चालवायची नाही असं तिच्यावरच लिहिलंय.

एवढं सगळं असून विकावीशी वाटते का? नाही. गतिरोधकांना बूड कधी घासलं नाही. समोरचा रस्ता वरून दिसतो. आणि आई दर सोमवारी सिद्धेश्वराला स्वतःच दार उघडून बसते, स्वतःच उतरते, मला हात लावू देत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकांना अशीच गाडी घ्यायची होती. मी त्यांना किल्ली दिली आणि म्हटलं, दुपारी दोन वाजता घरच्या चौघांना बसवा, एसी पूर्ण सोडा, तुळजापूरचा घाट चढून या. गेले, आले, घाम पुसत पाणी प्याले. परवा त्यांनी बुकिंग केलं. सनरूफवालीच.