फ्रिजला लावायची 'वीज वाचवणारी' डबी घेऊ नका

मे महिन्याच्या शेवटी परभणीत आमच्या आत्याच्या गल्लीत दोन पोरं आली. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. "लाईट ऑफिसकडून आलोय मावशी. फ्रिजचं बिल निम्मं करायचं मशीन योजनेत देतोय, बाहेर तीन हजाराला आहे." परभणीचा पारा उन्हाळ्यात ४४ च्या वर जातो. फ्रिज आणि कूलर रात्रंदिवस चालू, बिल बघून आत्या आधीच धास्तावलेली. तिने १,६०० रुपये मोजले. गल्लीतल्या आणखी काही घरांनीही घेतलं.

पोरांनी नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर आत्यानं त्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं. पण त्यांनी प्रयोग करून दाखवला, आणि त्यातला आकडा खरा होता. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

त्यांच्याकडे एक बोर्ड होता, त्याची एक वायर सुटी काढलेली. त्यावर फ्रिज लावला आणि वायरीला टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, अडकवला. आकडा आला एक अँपिअरच्या आसपास. मग त्याच बोर्डात डबी खोचली, हिरवा दिवा लागला आणि आकडा ०.६ वर उतरला. "बघा मावशी, चाळीस टक्के वाचले."

वाचलं काहीच नव्हतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर म्हणजे मोटर. ती लाईनमधून जो करंट घेते त्यातला एक भाग प्रत्यक्ष काम करतो. दुसरा मोटरीतलं चुंबकत्व उभं करायला जातो आणि परत फिरतो. टाँग टेस्टर दोन्ही मिळून दाखवतो. डबीतला कंडेन्सर (कपॅसिटर) हा दुसरा भाग जागच्या जागी पुरवतो, म्हणून आकडा पडतो. घरगुती मीटर मात्र फक्त काम करणारी वीज मोजतो, युनिट तिचेच पडतात. कारखान्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा, म्हणजे घेतलेल्या करंटपैकी किती कामी आला याचा, हिशोब असतो, तिथे कंडेन्सर बसवण्यात अर्थ आहे. घरात नाही.

यातला सगळ्यात वाईट भाग पुढचा. जूनचं बिल खरंच कमी आलं. आत्यानं ते कौतुकानं गल्लीभर सांगितलं आणि तिच्या शब्दावर शेजारच्या काकूंनीही डबी घेतली. पाऊस पडला, हवा गार झाली, कूलर बंद झाले, फ्रिजचा कॉम्प्रेसरही कमी वेळ चालू लागला. बिल उतरणारच होतं. ही माणसं मे महिन्यात येतात ती उगीच नाही. बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. आदल्या वर्षीचा जून काढून पाहिला, तर युनिट जवळपास तेवढेच होते.

मग मी घरातलं सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवला आणि मीटरसमोर उभा राहिलो. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. आत्याच्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुकी असं छापलंय. कॉम्प्रेसर चालू असताना दिवा नऊ-दहा सेकंदांनी लागत होता. डबी लावली, तरी नऊ-दहा सेकंदच. काढली, तरी तेवढेच.

ओळखीच्या वायरमनने डबी उघडली. आत पंख्याला असतो तसला एक कंडेन्सर, दिव्यापुरतं थोडं सर्किट, बाकी पोकळ. आयएसआय मार्क कुठेच नाही. कंडेन्सरजवळचं प्लास्टिक तापून पिवळं पडलेलं. आमच्याकडे व्होल्टेज कसं वरखाली होतं ते सगळ्यांना माहीत आहे. असली वस्तू चोवीस तास प्लगमध्ये ठेवायची म्हणजे पैशांपेक्षा मोठा धोका आहे.

बिल खरंच उतरवायचं काम त्या वायरमननेच दाखवलं. दाराच्या रबरात कागद धरून दार लावलं, तर कागद अलगद निघून आला. रबर बदललं. मागच्या जाळीवर धुळीचा थर होता, तो प्लग काढून ब्रशने झाडला. गॅसशेजारी भिंतीला चिकटलेला फ्रिज जागा सोडून दुसरीकडे ठेवला. बर्फाचा थर वितळू दिला. तो सुरीने खरवडू नका, नळी फुटली तर गॅस जातो. नवा फ्रिज घेणार असाल तर स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, तेवढे वाचा.

पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर शिक्का होता, पण पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, फोन बंद. तुम्ही घेतली असेल तर डबी आणि पावती फेकू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, आणि विकणाऱ्याने लाईट ऑफिसचं नाव सांगितलं असेल तर पोलिसांनाही कळवा.

आता तसलीच पोरं जिंतूर, सेलूकडे फिरताहेत असं कानावर आलंय. तुमच्या दारी आली तर त्यांचा टाँग टेस्टर बाजूला ठेवायला सांगा, आणि मीटरच्या लाल दिव्यासमोर उभं करून डबी लावायला लावा.