पहिल्या भेटीत दाताला हातही न लावणारं डेंटल क्लिनिक: आमचा वर्षभराचा अनुभव

मुलगा साडेसात वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलतो अगदी मोजकं, आणि तोंडाजवळ अनोळखी हात आला की आधी मान फिरवतो आणि मग किंचाळतो. हा रिव्ह्यू त्याच्यासारख्या मुलांच्या आईवडिलांसाठी लिहितेय कारण मला स्वतःला असं काही वाचायला मिळालं असतं तर आमचं एक अख्खं वर्ष वाचलं असतं. क्लिनिक फक्त लहान मुलांच्या दातांचं आहे आणि ऑटिझम, एडीएचडी, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी त्यांनी वेगळ्या वेळा ठेवल्यात. नाव टाकत नाही, नावापेक्षा ते काय करतात ते सांगायचंय, म्हणजे तुमच्या जवळच्या डॉक्टरांना तुम्ही तेच मागू शकाल.

आधी मागचं सांगते. गेल्या वर्षी तो अचानक स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायला लागला, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा, जेवताना घास एकाच बाजूला ठेवायचा, आणि आम्ही काय केलं तर बिहेवियर बिघडलंय म्हणून थेरपीचे तास वाढवले. दीड महिना!! एक दिवस तो जोरात रडत असताना तोंडात आत काळं भोक दिसलं तेव्हा कळलं की पोराची दाढ दुखतेय आणि त्याला ते सांगता येत नाहीये. याचा सल अजून जात नाही. तुमचं मूल बोलत नसेल आणि असं काही एकदम सुरू झालं तर बाकी सगळ्याआधी तोंड आणि कान तपासून घ्या, प्लीज.

मग एका दवाखान्यात गेलो, तिथे तिघांनी धरलं, चादरीत गुंडाळलं, पाच मिनिटांत काम झालं आणि डॉक्टर म्हणाले बघा झालं की. त्यांचं काम झालं पण नंतर चार महिने घरात ब्रश नुसता दिसला तरी तो पलंगाखाली जाऊन बसायचा, म्हणजे एक दाढ भरली आणि बाकीच्या किडायला मोकळ्या सोडल्या. दुसऱ्या ठिकाणी त्याच्याकडे न बघताच पूर्ण भूल देऊन सगळं एकदम करू म्हणाले. तिसरीकडे सरळ "अशी मुलं आम्ही घेत नाही".

आता या क्लिनिकबद्दल. फोन केल्यावर पहिला प्रश्न आला की त्याला कशाचा त्रास होतो आणि काय आवडतं. तोपर्यंत दातांच्या कुठल्याच दवाखान्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मग एक फॉर्म पाठवला, त्यात कुठले आवाज नकोसे, उजेड चालतो का, हलका स्पर्श नको की दाबून धरलेला चालतो, हो-नाही कसं सांगतो, फिट येते का, औषधं कुठली चालू. सोबत क्लिनिकचे फोटो, दरवाजा, खुर्ची, छोटा आरसा, डॉक्टर मॅडम मास्क लावून आणि मास्क काढून. त्या फोटोंची आम्ही ओळीने पट्टी केली आणि दहा दिवस रोज झोपायच्या आधी त्याला दाखवली.

वेळ सकाळची पहिली, बाहेर थांबायचंच नाही, थेट आत. आणि पहिल्या भेटीत तो खुर्चीवर बसलाच नाही, मॅडमच जमिनीवर बसल्या, तो त्यांच्या स्टुलाचं चाक फिरवत राहिला, बारा मिनिटांनी म्हणाल्या आज एवढंच, छान झालं. मी मनात म्हटलं आपण दीड तास प्रवास करून चाक फिरवायला आलो का? पण दुसऱ्या भेटीत तो स्वतःहून आत पळाला. खुर्ची आधीच मागे झुकवून ठेवली होती कारण बसल्यावर ती मागे जाते तेव्हा अशा मुलांना आपण पडतोय असं वाटतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. डोक्यावरचा मोठा लाईट बंद, मॅडमच्या कपाळावर छोटा टॉर्च, त्याच्या डोळ्यांवर गॉगल, कानावर त्याचेच हेडफोन, आणि अंगावर एक्स-रेच्या वेळी घालतात तो जड एप्रन. तो एप्रन अंगावर आला आणि त्याचे खांदे सैल झालेले मी डोळ्यांनी बघितले.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दहा आकडे. आरसा तोंडात घालायचा तर मॅडम मोठ्याने एक ते दहा मोजणार आणि दहाला हात बाहेर, काम अर्धं राहिलं असलं तरी बाहेर. एकदाही "अजून थोडंच रे बाळा" म्हणून पुढे ओढलं नाही. तिसऱ्या भेटीत त्या आठपर्यंत आल्या आणि हा, जो दिवसाला चार-पाच शब्द बोलतो, तो तोंड उघडं ठेवूनच पुढचे दोन आकडे म्हणाला, नीट उच्चार नव्हते पण नऊ आणि दहाच होते, आणि मग तोंड मिटलं. मॅडमनी हात काढला होता तोवर. मला रडू आलं, सिस्टरनी पाणी आणून दिलं.

चौथ्या भेटीत दोन दाढांना एसडीएफ लावलं, म्हणजे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, ३८ टक्क्यांचं. ड्रिल नाही, सुई नाही, दात कोरडा करून ब्रशने थेंब लावायचा, चांदीने कीड करणारे जंतू मरतात आणि फ्लोराइडने दात कडक होतो. खड्डा भरत नाही, कीड थांबवायचं काम करतं, आणि पुन्हा लावावं लागतं, आम्हाला सहा महिन्यांनी बोलावलं. नस किडली असेल किंवा पू झाला असेल तर हे चालत नाही, आणि तसं असेल तर मी तुम्हाला चार भेटी थांबवणार नाही, हॉस्पिटलमध्ये भूल देऊनच करू असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हे मला पटलं, कारण भूल वाईट नाही, न बघता भूल म्हणणं वाईट. आणि जे म्हणतात दुधाचे दात पडणारच ना, त्यांना सांगते, मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत असतात, एवढी वर्षं दुखत कोण काढणार.

घरासाठी पण खूप शिकवलं. तिन्ही बाजूंनी दात घासणारा ब्रश, फेस न होणारी आणि बिनचवीची पेस्ट, पण फ्लोराइड किमान १००० पीपीएम आहे का ते ट्यूबवर बघूनच घ्यायची, वाटाण्याएवढी, आणि नंतर चूळ न भरता नुसतं थुंकायचं. झोपताना द्यायचं गोड सिरप ब्रशच्या आधी. आणि एक मुद्दा जो कुठल्याच थेरपीवाल्यांनी काढला नव्हता, बक्षीस म्हणून दिवसभर तोंडात जाणारे गोडाचे बारीक तुकडे. प्रत्येक बरोबर उत्तराला एक, म्हणजे दात दिवसभर साखरेत. आता साबणाचे फुगे आणि स्टिकर चालू आहेत, तीन आठवडे कुरकुर केली मग जमलं.

तक्रारी पण लिहिते. पहिली अपॉइंटमेंट सात आठवड्यांनी मिळाली, दुखणाऱ्या मुलाला सात आठवडे फार होतात. टॉयलेटमधला हात वाळवायचं मशीन भयंकर आवाज करतं, तो एकदा तिथूनच घरी चला करत बसला, सांगूनही तीन महिने बदललं नाही, आता कागदी नॅपकिन ठेवलेत. एसडीएफने किडलेला भाग कायमचा काळा होतो हे तोंडी सांगितलं होतं पण फोटो दाखवायला हवा होता, नवरा दुसऱ्या दिवशी ते काळे डाग बघून घाबरला आणि माझ्यावर चिडला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा मॅडम सुट्टीवर होत्या आणि बदली डॉक्टर चांगल्या होत्या पण दहा मोजून थांबायचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्या चौदापर्यंत गेल्या, आणि पुढच्या वेळी आम्हाला परत जमिनीवरून सुरुवात करावी लागली. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा असं मी सांगितलं, आता लिहिलंय, मी स्वतः बघून आले.

पाचपैकी साडेचार. तुम्ही कुठेही फोन केलात तर एवढं विचारा, पहिल्या भेटीत काही उपचार न करता नुसतं येऊ देता का, आणि मूल थांब म्हणालं तर थांबता का.

आमच्याकडे आता ब्रश आकड्यांवरच चालतो, मी मागे बसते, त्याचं डोकं माझ्या छातीवर, समोर आरसा, वरची डावी बाजू दहा, उजवी दहा, मग खालची. मोजायचं काम त्याचं. सहावर कधी कधी अडकतो, मग मी पण ब्रश धरून तिथेच थांबते.