टी-३ कॅम्परच्या छताचं बीडिंग बदललं: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

आमची फोक्सवॅगन टी-३ कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, १९८८ ची, वर उघडणाऱ्या, वेस्टफालिया या जर्मन कंपनीच्या छताची. ब्रिटनमध्ये हिलाच टी-२५ म्हणतात आणि अमेरिकेत व्हॅनागन, त्यामुळे सुटे भाग शोधताना तिन्ही नावं टाकून बघावीत. गेल्या सप्टेंबरात आम्ही छताभोवतीचं रबरी बीडिंग, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कडेला बसवलेली पट्टी, बदललं. त्यानंतर अख्खा हिवाळा गेला, उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टचा पाऊस झाला, आता उन्हाळाही लागलाय. एवढ्या वापरानंतर मी ठामपणे सांगेन की छताचं बीडिंग निवडताना रबर किती जाड आहे हे नंतर बघा. आधी आपल्या छताखालची फट मोजा, आणि त्या फटीत सहज दबेल असं मऊ रबर घ्या.

हे सांगायचं कारण म्हणजे जुनं रबर कडक होऊन चिरलं की प्रत्येकाला वाटतं, जरा दणकट घेऊ या, म्हणजे गळायचं नाही. टी-३ चं छत फायबरग्लासचं असतं. मागे बिजागऱ्या, आणि उघडताना पुढची बाजू वर जाते. रबर टणक असेल तर कडी लावायला जोर लागतो. कडीजवळ छत खाली ओढलं जातं, पण तिथून लांब कोपऱ्यांत किंचित उचललेलंच राहतं. पाणी नेमकं तिथूनच आत येतं. शिवाय रोज असा ताण बसला की कडी आणि फायबरग्लास दोन्हींचं आयुष्य कमी होतं.

फट मोजायची आमची पद्धत सोपी आहे. मुलांच्या खेळातल्या प्लॅस्टिसीनचे गोळे पातळ प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून छताच्या कडेखाली वीतभर अंतरावर ठेवले, छत बंद करून कडी लावली, पुन्हा उघडून प्रत्येक चपट्या गोळ्याची जाडी व्हर्नियरने मोजली. आमच्याकडे ती ९ ते ११ मिलीमीटर भरली, मागच्या डाव्या कोपऱ्यात थोडी जास्त. बीडिंगमधली रबराची पोकळ नळी छत बंद केल्यावर साधारण पाव ते एक तृतीयांश दबली तर फट नीट बंद होते आणि रबरही लवकर चपटं पडत नाही. त्या हिशेबाने १४-१५ मिलीमीटर व्यासाची नळी हवी होती. बीडिंग ज्या कडेवर चढतं तिची जाडीही मोजून ठेवा. फायबरग्लासची कड सगळीकडे सारखी नसते. आमची कुठे ४ मिलीमीटर होती, तर कुठे जवळपास ६. बीडिंगचा पकड घेणारा भाग किती जाडीसाठी आहे ते विक्रेते लिहितात, आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

आम्ही घेतलं ते ईपीडीएम या कृत्रिम रबराचं, मीटरवर मिळणारं. कडेवर चढणारा भाग घट्ट रबराचा, आत धातूची पट्टी, आणि वर मऊ स्पंजची पोकळ नळी. ईपीडीएम ऊन आणि ओझोन फार चांगलं सोसतं. नैसर्गिक रबराला ओझोननेच बारीक भेगा पडतात. मागवण्याआधी दोन-तीन ठिकाणांहून नमुन्याचे तुकडे आणवून घेतले. फोटोत सगळं काळं आणि सारखंच दिसतं, बोटात दाबल्यावर फरक लगेच कळतो. चिकट पाठीची स्पंजची पट्टीही आणवली होती. कापलेलं टोक पाण्यात दाबून सोडलं आणि मग पिळलं तर पाणी निघालं. म्हणजे आतली छिद्रं एकमेकांत उघडणारी. असली पट्टी छताला लावली की ओल धरून बसते. सिलिकॉन रबर थंडी-उष्णता उत्तम सोसतं, पण जरा खरचटलं की फाटत जातं, आणि महागही पडतं. रोज उघडझाप होणाऱ्या छताला मी ते लावणार नाही.

बसवताना सगळा वेळ कोपऱ्यांनी खाल्ला. वळणावर पोकळ नळी आत मोडते आणि चपटी होते, बाहेरून मात्र ठीक दिसते. म्हणून कोपऱ्यापुरता नळीच्या आत बंद छिद्रांच्या फोमचा गोल दोर सरकवला. बीडिंग ओढून ताणून कधीच बसवू नका. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि सांध्यात फट पडते. आम्ही ते उलट थोडं आत रेटत चढवलं. सांधा कोपऱ्यात न घेता मागच्या बाजूला सरळ भागात घेतला, टोकं काटकोनात कापून सायनोअॅक्रिलेटने (सुपरग्लूने) चिकटवली. कापलेल्या टोकाशी धातू उघडा पडतो, तो गंजू नये म्हणून तिथेही थेंबभर लावा. नळीला हवा जायला बारीक भोकं असतात, ती आतल्या बाजूला यायला हवीत. आणि ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंट फटीत भरून वेळ मारून नेऊ नका. त्याचा अंश राहिला की पुढे त्या जागी ना गोंद धरत, ना रंग.

आता पावसाबद्दल. माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे पाऊस म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. पण लेक डिस्ट्रिक्टच्या बॉरोडेल खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं गाव, वर्षाला ३००० मिलीमीटरहून जास्त. तिथला पाऊस कोकणासारखा सरळ कोसळत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. तसल्या रात्री छत बंद करून खाली झोपलो आणि सकाळी वरच्या गादीच्या चारही कडा हाताने चाचपून पाहिल्या. कोरड्या होत्या. एम-६ महामार्गावर शॅपच्या चढावर समोरून वारा असताना पूर्वी पुढून शिटीसारखा आवाज यायचा, तो गेला. हा फायदा आम्ही धरलाच नव्हता, आणि लांबच्या प्रवासात त्याचंच सुख सगळ्यात जास्त वाटतं.

जानेवारीत मात्र एक अडचण आली. रात्री दव पडून गोठलं आणि सकाळी रबर खालच्या पत्र्याला चिकटलं. अशा वेळी छत हिसक्याने वर ढकललं तर नळी फाटते. आत हीटर लावून थोडं थांबलो, मग सुटलं. तेव्हापासून थंडी लागायच्या आधी रबरावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवतो. व्हॅसलीन किंवा कुठलंही खनिज तेल नको, ईपीडीएम त्याने फुगतं आणि मऊ पडतं.

गळती आणि आतला दमटपणा यांत गल्लत होते, तेही सांगते. गाडीत रात्री दोन माणसं झोपली की श्वासाची वाफ छताला लागून थेंब धरतात. खरंच गळतंय का हे बघायचं तर गाडीत कुणी नसताना पाऊस होऊ द्या आणि आत वर्तमानपत्र पसरून ठेवा. एकाच कडेला डाग उठला तर गळती. दुसरं कारण कॅनव्हासचं, म्हणजे छत उघडल्यावर बाजूंना ताणलं जाणाऱ्या कापडाचं. छत बंद करताना कापडाची घडी बीडिंगवर सापडली तर ती बाहेरचं पाणी वातीसारखं आत ओढते, मग रबर कितीही चांगलं असो. बंद करताना कापड सगळीकडून आत खोचलं गेलंय का, ते एक जण आतून हाताने बघतोच.

नऊ-दहा महिन्यांनी छत उघडं ठेवून नळी पुन्हा मोजली. सरळ भागात जवळपास मूळ व्यासावर परत येते, कोपऱ्यांत मात्र मिलीमीटरभर बसली आहे. मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे फट आधीच मोठी होती, तिथे कागदाची पट्टी धरून छत बंद केलं तर ती ओढताना बाकीच्या ठिकाणांपेक्षा सैल लागते. अजून पाणी आलेलं नाही, पण येत्या शरदात बिजागरी तपासून तेवढा तुकडा बघावा लागेल. गाडी घराशी उभी असते तेव्हा आता छताची कडी सैल सोडतो, म्हणजे रबर सतत दाबलेलं राहत नाही.

तुमच्या टी-२५ ला वेस्टफालियाऐवजी होल्ड्सवर्थ, डेव्हन किंवा ऑटो-स्लीपर्स या ब्रिटिश कंपन्यांचं छत असेल तर माझी मापं घेऊ नका. कड वेगळी, फट वेगळी. तुमचं छत मूळ घडणीचं असेल, कुठे वाकलेलं नसेल आणि मोजत बसायला वेळ नसेल, तर त्या मॉडेलसाठी बनवलेला तयार संचच घ्या. फक्त ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला विचारा की नळी स्पंजची आहे की भरीव रबराची. भरीव असेल तर नको.