जिम्नीचा पुढचा स्टॅबिलायझर बार सोडून चालवताना: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर माझ्या पाच दरवाजांच्या मारुती जिम्नीला पुढच्या स्टॅबिलायझर बारसाठी पिनवाल्या लिंक, म्हणजे बारची टोकं जोडणारे छोटे दुवे, बसवून घेतल्या. पिन ओढली की बार सुटतो, घातली की जोडला जातो. आता श्रावण सरत आलाय. थंडी, ऊन, पाऊस सगळं झालं, म्हणून लिहायला बसलोय.

हा बार म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा, वाकवलेला पोलादी दांडा. वळणावर गाडी कलायला लागली की तो पिळला जातो आणि तिला सावरतो. कसारा घाटात तो हवाच. पण दगडावर एक चाक वर चढलं की हाच दांडा पलीकडच्या चाकालाही वर खेचतो. ते चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी हलकं होतं, कधी हवेतच राहतं. जिम्नी त्या रिकाम्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे देते हे खरं, पण तोवर गाडी एकदा जोरात डोलते आणि मागे बसलेल्याचं डोकं काचेवर आपटतं.

फरक पहिल्यांदा नीट कळला तो हरसूलच्या बाजूला, एका कोरड्या ओढ्यात. उतारावर काळ्या कातळाच्या पायऱ्या आहेत. उजवं पुढचं चाक दगडावर चढवून थांबलो आणि उतरून बघितलं. बार जोडलेला असताना डाव्या चाकाखालून चप्पल सहज सरकत होती. मागे येऊन सपाटीवर पिना काढल्या आणि त्याच दगडावर पुन्हा चढलो, तर तेच टायर मातीला टेकलेलं, साधारण चार बोटं जास्त खाली. वीतभर मिळेल असं वाटलं होतं, तेवढं नाही मिळालं. कारण जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं ज्याच्या टोकांना आहेत तो आडवा कणा, ज्या दोन आर्मवर (लोखंडी दांड्यांवर) आहे त्यांच्या सांध्यातले रबरी बुश एका मर्यादेपुढे पिळत नाहीत. पण त्या चार बोटांनी गाडीचं डोलणं निम्म्यावर आलं. बायको एरवी अशा ठिकाणी खाली उतरून चालत यायची, त्या दिवशी ती आतच बसून राहिली. माझ्यासाठी ही खरी पावती.

मित्राची महिंद्रा थार आहे, इथे नाशिकमध्येच बनलेली. त्यालाही हे करायचं होतं. मी नको म्हटलं. थारला पुढे अखंड अ‍ॅक्सल नाही, प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर स्वतंत्र आहे. त्यामुळे बार सोडला तरी चाक किती खाली जाणार हे शेवटी आर्म आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठरवतात. जिम्नीला मागे बारच नाही, म्हणून पुढच्या दोन पिनांत काम होतं.

आता चूक सांगतो, कारण ती माझी होती. सुरुवातीला मी बारची सुटी टोकं प्लास्टिकच्या पट्टीने वर बांधायचो. अप्पर वैतरणाच्या काठाला पट्टी तुटली आणि टोक ब्रेकच्या रबरी नळीवर घासत राहिलं. घरी येऊन खाली वाकलो तेव्हा नळीवर नखाएवढी पांढरट खूण दिसली. पोटात गोळा आला. पाथर्डी फाट्याच्या मेकॅनिकने नळी बदलली आणि म्हणाला, "भाऊ, बार सोडा, पण मोकळा सोडू नका. आणि चाक पूर्ण खाली गेल्यावर नळी ताणत नाही ना, ते आधी बघा." तेव्हापासून चामड्याचा पट्टा वापरतो आणि प्रत्येक वेळी हाताने ओढून बघतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एकदा अंधार पडल्यामुळे पिना न घालताच त्र्यंबक रोडला लागलो. सरळ रस्त्यावर काहीच जाणवलं नाही. एक म्हैस आडवी आली म्हणून स्टिअरिंग जरा झटक्यात वळवलं आणि गाडी अशी कलली की हात थंड पडले. आता बार सुटा असेपर्यंत स्टिअरिंगला लाल कापड बांधलेलं असतं. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये 2007 पासून यासाठी बटण आहे, आणि वेग वाढला की बार आपोआप जोडला जातो. आपल्याकडे ते काम आपल्यालाच करायचंय. आडव्या उतारावरही मी बार जोडूनच जातो, कारण सुटा असेल तर गाडी खालच्या बाजूला जास्त झुकते.

पावसाळ्यात मात्र याचा उपयोग कमी. इगतपुरीकडच्या चिखलात अडचण टायरच्या पकडीची असते, चाक लटकण्याची नाही. उलट पिनांत लाल माती जाऊन त्या जाम झाल्या, एक तर हातोडीने ठोकून काढावी लागली. आता आषाढापासून बार जोडलेलाच आहे. पिना काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवल्यात. ओढे आटले की पुन्हा सोडीन.