जुना मेलबॉक्स नव्या पत्त्यावर नेला, त्याला आता आठ महिने झाले

पत्ता बदलला तेव्हा माझी समजूत अशी, की सेटिंगमध्ये ऑटो-फॉरवर्ड सुरू केलं की जुन्या मेल्सही आपसूक नव्या जागी येतील. दोन दिवस वाट पाहिली. ताज्या मेल्स येत होत्या, साठलेल्यांपैकी एकही हलली नाही. हलणारच नव्हती. फॉरवर्डचा नियम लावल्यानंतर जे येईल तेवढंच पुढे जातं.

मग हाताने करायला बसले. साठेक मेल्स फॉरवर्ड केल्यावर चूक कळली. प्रत्येकीची पाठवणारी मीच, तारीख त्याच दिवसाची. बारा वर्षांचा पत्रव्यवहार एका दुपारचा होऊन बसला! रिप्लाय दाबलं तर उत्तर माझ्याच जुन्या पत्त्यावर. मोजक्याच मेल्स हव्या असतील तर ‘अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड’ बरं. अख्खी मेल एका फाइलमध्ये (ईएमएल) जाते, मूळ तारीख आणि हेडर, म्हणजे कुणी-कुणाला-कधीच्या नोंदी, शाबूत राहतात. माझ्याकडे नऊ हजारांच्या वर होत्या.

शेवटी थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्रॅम उतरवला आणि दोन्ही खाती आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दाखवणाऱ्या पद्धतीने, जोडली (पोर्ट ९९३; टू-स्टेप लॉगिन चालू असल्याने अशा प्रोग्रॅमसाठीचा वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागला). पॉप या दुसऱ्या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका, ते फक्त इनबॉक्स आणतं. सेंट फोल्डर मागे राहतो, आणि निम्मं बोलणं तर आपलंच असतं. मेल्स निवडायच्या, राइट क्लिक, ‘कॉपी’. ‘मूव्ह’ नाही. मध्येच नेट गेलं तर मूळ प्रत जागेवर असलेली बरी.

वेळ मात्र खातं. प्रत्येक मेल आधी आपल्या मशीनवर उतरते, मग वर चढते. जीमेलमध्ये आयमॅपने चढवायची मर्यादा दिवसाला ५०० एमबी आहे, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी घाई करू नये. मी तीनशे-चारशेच्या गठ्ठ्यांनी नेलं. मोठा गठ्ठा अडकायचा आणि पुन्हा सुरू केला की दुहेरी प्रती व्हायच्या. मेल्सना लेबलं लावणाऱ्या (जीमेलसारख्या) खात्यातून निघताना आणखी एक गंमत: आयमॅपला लेबल म्हणजे फोल्डर, त्यामुळे तीन लेबलं असलेली मेल तीनदा येते. सगळ्या मेल्सचा ‘ऑल मेल’ फोल्डरही नेलात तर चौथ्यांदा. तो पसारा आवरायला माझा एक रविवार गेला.

एवढं करून आज काय? २०१५ची पावती वर्षावरून, पाठवणाऱ्याच्या नावावरून पटकन सापडते. या एका गोष्टीसाठी सगळी खटपट वसूल.

ऑटो-फॉरवर्ड अजून चालू ठेवलंय, पण त्यावर माझा पूर्ण भरवसा नाही. काही मेल्स नव्या खात्यात स्पॅममध्ये पडतात. मूळ डोमेनने ज्या सर्व्हरना परवानगी दिलेली असते त्यात आपला फॉरवर्ड करणारा सर्व्हर नसतो, म्हणून एसपीएफ, म्हणजे त्या परवानगीची तपासणी, फसू शकते. डीकेआयएम, म्हणजे मूळ डोमेनने मेलवर केलेली डिजिटल सही, मजकूर न बदलल्यास टिकते, म्हणून बहुतेक निभावतात. शिवाय जुन्या खात्याने जे स्वतःच स्पॅममध्ये टाकलं ते माझ्याकडे पुढे येतच नाही. आठवड्यातून एकदा तिथे डोकावते.

जुनं खातं बंद करायचं धाडस मात्र झालेलं नाही. गेल्याच आठवड्यात एका साइटवर पत्ता बदलायला गेले, तर खात्रीचा कोड त्यांनी जुन्याच पत्त्यावर पाठवला.