जुनी महिंद्रा एफसी-१५०: आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

एफसी-१५० पिकअप दुरुस्त करून पुन्हा उभी करण्याजोगी आहे की भंगारात घालायची, हे मी इंजिन चालू न करताच ठरवतो. गिऱ्हाइकाला ते पटत नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "मिस्त्री, इंजिन जाम आहे का?" जाम असलं तरी बऱ्याचदा सुटतं, नाही सुटलं तर दुसरं मिळतं. १३४ घन इंचाचं, म्हणजे साधारण २.२ लिटरचं विलिसचं हरिकेन इंजिन महिंद्राच्या सीजे-३बी जीपलाही होतं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, यांचे बरेच भागही जीपशी जुळतात. कुर्ल्याला, नाहीतर हरियाणात मंडी डबवालीला जीपचा माल शोधणाऱ्याला सापडतो. पण एफसीची केबिन जीपला कुठली? तिचा दरवाजा, पुढची मोठी काच, काचेची चौकट यातलं काहीही दुसऱ्या गाडीचं बसत नाही. पत्र्याने गेलेली एफसी माझ्या लेखी गेलेलीच.

गाडी मूळ अमेरिकेतल्या विलिसची, ब्रूक्स स्टीव्हन्सने आखलेली. तिथे १९५७च्या मॉडेलपासून १९६५पर्यंत चालली, आणि त्याच सुमारास महिंद्राने ती इथे आणली. मूळ आराखड्यात पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर फक्त ८१ इंच. ड्रायव्हर पुढच्या चाकावर बसतो, इंजिन दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली. त्यामुळे एवढ्याशा गाडीला सहा फुटांचा हौदा मिळाला. उन्हाळ्यात इंजिनाची धग मांडीला लागते आणि रिकाम्या गाडीचं नाक जड राहतं, उतारावर जोरात ब्रेक मारायचा नाही. पण बांधावरच्या चिंचोळ्या वाटेत ही जशी वळते तशी दुसरी गाडी मी पाहिलेली नाही. मला ही गाडी मनापासून आवडते.

पुण्याच्या एका तरुणासाठी नुकतीच वडूजजवळच्या मळ्यातली एक एफसी तपासली. मळ्याचे मालक आबा, त्यांच्या वडिलांनी कांदा वाहायला घेतलेली, बरीच वर्षं चिंचेखाली उभी. वरून निळा रंग बरा दिसत होता. रंग मी बघतच नाही. चुंबकाला कागद गुंडाळून पत्र्यावरून फिरवला, म्हणजे ओरखडा जात नाही. दरवाजाच्या खालच्या कडेला चुंबक धरेना, तिथे बोटभर जाड लांबी म्हणजे पुट्टी भरलेली. ते चालतं, दरवाजाची खालची पट्टी आमचा टिनवाला दिवसाभरात वाकवून बसवतो. रबरी मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसली. तेही चालतं. फरशीचा पत्रा सपाट असतो, कापून नवा घालता येतो.

खरी परीक्षा काचेच्या वरच्या पन्हळीत. तिथे पत्र्याचे दोन थर एकमेकांवर येतात, पाणी आत मुरतं आणि गंज आतून खात येतो. बाहेरून रंगाला नुसते बारीक फोड दिसतात. मी पेचकस टेकवून अंगठ्याने दाबतो. घुसला तर चौकट सडली, मग नवी काच घातली तरी पहिल्या पावसात पाणी डॅशवर उतरणार. या गाडीत पेचकस कुठेच घुसला नाही. एका कोपऱ्यात फोड होते, खरवडल्यावर खाली घट्ट पत्रा निघाला. त्या क्षणी माझं मन गाडीकडे झुकलं.

मग चासी. हातोडीने टकटक करत गेलो तेव्हा आबा कळवळले, "मिस्त्री, ह्येला कशाला मारताय?" म्हटलं, "आबा, आवाज ऐकतोय." खणखणीत वाजली तर लोखंड शाबूत, भद्द वाजली तर आतून पापुद्रे सुटलेत. मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी नेहमी चिखल साचतो, तिथे मुद्दाम जास्त वेळ घालवला. नंतर चारही हँगरांवरून ओळंबा सोडून खाली खडूच्या खुणा केल्या, गाडी ढकलून बाजूला घेतली आणि खुणा तिरक्या, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजल्या. दोन्ही मापं सुताभराच्या फरकाने जुळली. म्हणजे कुठे धडकून चासी वाकलेली नाही. या मोजणीला दोरी, ओळंबा आणि खडू एवढंच लागतं. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे मिस्त्रीकडून समोर उभं राहून करून घ्यावं.

इंजिनाचं सांगतो. गाडीत कुणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं होतं, मूळ पेट्रोल इंजिन गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात. त्याच्या नंबरावरचा मळ पुसून पाहिला, नंबर आर.सी. बुकाशी जुळला. या इंजिनात आत घेणारे वॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारे ब्लॉकमध्ये असतात. हेड उतरवून ब्लॉकमधल्या त्या सीटपासून सिलिंडरच्या भोकापर्यंत तडा गेलाय का ते बघायचं. तडा असेल तर ब्लॉकवर पैसा घालू नये. इथे तडा नव्हता. पिस्टन जाम होते, सुटावेत म्हणून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडून ठेवलंय.

आता कागद. २०२१पासून व्हिंटेज गाड्यांना वेगळा 'व्हीए' नंबर मिळतो, गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात हवी, नव्या नोंदणीची फी २० हजार. पुण्याच्या मुलाला त्याचंच आकर्षण होतं. पण तो नियम दुचाकी आणि एम-१ वर्गातल्या, म्हणजे माणसं वाहणाऱ्या चारचाकीसाठी आहे. ही गाडी पुस्तकात मालवाहू. व्हीए नंबरच्या भरवशावर पिकअप घेऊ नका. मालवाहू राहिली तर दरवर्षी पासिंग आलं, आणि डिझेल इंजिनाची पुस्तकात नोंद नसताना पासिंगला नेणं म्हणजे परत पाठवणीच.

शिवाय पुस्तक आबांच्या वडिलांच्याच नावावर, वर एका पतसंस्थेचा बोजा. पतसंस्था बंद पडलेली. त्यामुळे आधी सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत जाऊन अवसायक, म्हणजे बंद संस्थेचा हिशेब मिटवणारा अधिकारी, कोण ते शोधायचं, त्यांच्याकडून बेबाकी म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म, मग वारस म्हणून ३१ नंबरच्या फॉर्मवर आबांचं नाव, आणि त्यानंतर २९-३० वर विक्री. आबांच्या बहिणींच्या सह्याही आत्ताच घ्या, काम पूर्ण झाल्यावर गाडीची किंमत सगळ्यांनाच दिसायला लागते.

माझं मत: ही गाडी उभी करावी, मूळ इंजिन परत घालून. पत्र्याचं, रंगाचं, ब्रेकचं आणि इंजिनाचं मिळून चार लाखांच्या खाली काम मी धरत नाही, आणि विकताना ते सगळे परत येतील असं कुणाला सांगणारही नाही. ठेवायची असेल तरच घ्या. आबा सव्वा लाख म्हणतायत. डिझेल इंजिन त्यांनीच काढून ठेवून घ्यावं आणि नव्वदला द्यावी, असं मी दोघांच्या समोर बोललोय. बेबाकीचा कागद हातात येईपर्यंत इसार पाच हजारांच्या वर द्यायचा नाही, आणि तोवर चिंचेखालून हलवून तिला पत्र्याच्या शेडमध्ये घ्यायची.